अजून एक पावसाळा निघेल काय?

मोटारीचे टायर आणखी किती दिवस चालतील, हा प्रश्न आपल्याकडील मालक बहुधा पंक्चरवाल्यालाच विचारतो, आणि तोही अशा आर्जवी सुरात की ‘साहेब, अजून एक पावसाळा निघेल’ असा अनुकूल निकाल मिळावा व खर्च दिवाळीपर्यंत तहकूब व्हावा. या निकालातील विपर्यास कोणाच्याच ध्यानात येत नाही. कारण गोटा झालेला टायर कोरड्या डांबरावर एक वेळ बरी पकड देईल, परंतु पावसाळा काढण्यास मात्र तोच सर्वस्वी अपात्र असतो.

टायरवरील नक्षी पाण्याला वाट करून देण्यासाठी असते. नव्या टायरच्या खाचा साधारणतः आठ मिलिमीटर खोल असतात, आणि वेगात फिरणाऱ्या चाकाखाली सापडलेले पाणी त्यांतून बाजूला फेकले जाते, तेव्हाच रबर रस्त्याला भिडते. त्या उथळ झाल्या म्हणजे पाण्याचा पातळ थर मध्ये उरतो आणि स्टिअरिंग हाती असूनही गाडीवरील आपला अंमल संपुष्टात येतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ९४ व्या नियमाने मोटारीसाठी १.६ मिलिमीटरची हद्द आखून दिलेली आहे, आणि तिची खातरजमा करण्यास मोजपट्टीदेखील लागत नाही. स्टिअरिंग एका बाजूस पूर्ण वळवून पुढच्या चाकाशी उकिडवे बसावे व मुख्य खाचेतून नख फिरवावे. तळाशी ठरावीक अंतरावर रबराचे आडवे उंचवटे लागतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीस आली की मुदत संपली. (दसऱ्याला याच चाकाला झेंडूची माळ घालताना आपण वाकलेले असतोच; पण तेव्हा दृष्टी भक्तीची असते, तपासणीची नसते.)

नख फिरवताना झीज कोठे आहे हेही पाहावे. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा सदैव कमी राहिली, मधला पट्टा झिजला असेल तर ती जास्त भरली गेली, आणि एकच कड खाल्ली गेली असेल तर अलाइनमेंट बिघडलेले आहे. हे दुरुस्त न करता नवे टायर घालणे म्हणजे जमाखर्चातील चूक तशीच ठेवून वही तेवढी बदलणे होय.

माझे मत असे की, १.६ ही कायद्याने दिलेली शेवटची मुभा आहे. ज्याला आषाढात ताम्हिणी किंवा आंबा घाट उतरावयाचा आहे, त्याने तीन मिलिमीटरलाच, तेही वैशाखात, निर्णय घ्यावा. जी गाडी केवळ रविवारी बाहेर पडते, तिच्या टायरची नक्षी शाबूत असली तरी रबराचे वय कोणाला चुकत नाही. बाजूवर कोरलेल्या चार अंकांत त्याची जन्मतारीख असते: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षांनंतर प्रतिवर्षी तपासणी करावी, आणि दहा वर्षांपलीकडे तर कोणतीही सबब ऐकू नये. बाजूला भेगा वा फुगवटा दिसल्यास मात्र वय विचारीत बसू नये.

समृद्धी महामार्गावर टायर फुटून झालेल्या अपघातांनंतर परिवहन खात्याने प्रवेशाशीच टायर पाहण्यास आणि झिजलेल्या टायरांच्या गाड्या परत पाठविण्यास आरंभ केला, तेव्हा पुष्कळांना तो सरकारी जाच वाटला. ताशी १२० किलोमीटर वेगाची परवानगी असलेल्या, तासन्‌तास सरळ धावणाऱ्या रस्त्यावर कमी हवेचा, जुना टायर किती तापतो, हे ज्याला ठाऊक आहे, तो त्या अधिकाऱ्याशी हुज्जत घालणार नाही.

चारही टायर एकदम घेण्याची ऐपत सर्वांची नसते, हे मान्य. दोनच घेणार असाल, तर दुकानदार पुढे बसवू लागला तरी ते मागच्या चाकांनाच बसवून घ्या. ओल्या वळणावर गाडीची मागची बाजू निसटली, तर ती सावरणे सामान्य चालकाच्या हातचे नसते.

— पांथस्थ