घरातल्या सभेत सगळ्यांचा वाटा

मानेवाड्याहून बेसा रस्त्याला लागले की जुनी शेते मोडून झालेले ले-आउट आणि फ्लॅट स्कीम सुरू होतात. मिहान आले, एम्स आले, नागपूर दक्षिणेकडे पसरत गेले आणि सदर, मोहननगरच्या जुन्या वस्त्यांतली ख्रिस्ती कुटुंबेही इकडे राहायला आली. त्यांच्या मंडळ्या मात्र तिकडेच राहिल्या. रविवारी दहा-बारा किलोमीटर जाऊन उपासना करायची आणि आठवड्यातून एकदा संध्याकाळी कोणाच्या तरी घरी जमायचे, असा नेम अशा नव्या वस्त्यांमधून बसत चालला आहे.

या घरच्या सभा चालवणारे तुम्हीच आहात: पाळक, मंडळीचे वडील, महिला संघाच्या भगिनी, दिवसभर नोकरी करून संध्याकाळी वचन सांगणारे बंधू. म्हणून तुमच्याशी स्पष्ट बोलतो. घरी जमलेल्या प्रत्येकाला देण्यासारखे काही असते आणि आपल्या बहुतेक कॉटेज मीटिंगांमध्ये ते मागितलेच जात नाही.

एक गीत, एक प्रार्थना, मग पाहुण्या वक्त्याचा पाऊण तासाचा संदेश, समाप्तीची प्रार्थना आणि चहा-नाश्ता. वक्ता सोफ्यावर, समोर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा, घरची बाई स्वयंपाकघराच्या दाराशी उभी, मुले आतल्या खोलीत. रविवारी चर्चमध्ये जे ऐकले तेच बुधवारी थोड्या लहान जागेत ऐकायचे. यात कोणाची निष्ठा कमी आहे असे मी म्हणत नाही. पण अशा सभेला वर्षानुवर्षे येणाऱ्या माणसाला पवित्र शास्त्राबद्दल स्वतःचे एक वाक्यही बोलावे लागत नाही, ही गोष्ट मला फार लागते.

करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा चौदावा अध्याय आपण सगळ्यांनी वाचला आहे. एकत्र येताना कोणी स्तोत्र आणतो, कोणी शिक्षण आणतो, आणि सगळे एकमेकांच्या उन्नतीसाठी असते, असे पौल तिथे सांगतो. लावदिकीयात नुंफाच्या घरी, कलस्सैत फिलेमोनाच्या घरी, प्रिस्का व अक्विला यांच्या घरी जमणाऱ्यांची मंडळी अशी होती. युफ्रेटिसकाठच्या ड्युरा-युरोपसला तिसऱ्या शतकातले असे एक घर उत्खननात सापडले. जास्त लोक बसावेत म्हणून दोन खोल्यांमधली भिंत पाडून तिथे दालन केलेले होते. माणसे वाढली की दालन लागते, हे खरेच. पण बेसाच्या टू-बीएचकेमध्ये दहा-बारा जण जमतात, तिथे दालनाची शिस्त कशाला?

आपल्याकडे तर ही शिकवण बाहेरून आणायचीही गरज नाही. भजनात एक जण ओळ उचलतो आणि सगळे ती परत म्हणतात. ज्याला वाचता येत नाही तोही दुसऱ्या आवर्तनाला गात असतो. विदर्भाला हे निराळे सांगायला नको. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने आणि सामुदायिक प्रार्थनेने इथली गावेच्या गावे एकत्र बसवली. ख्रिस्ती मंडळीत अहमदनगरकडे कृ. र. सांगळे यांनी कीर्तन रुजवले, आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांनी भजने आणि अभंग दिले, जे आजही ‘उपासना संगीत’ उघडले की हाताशी असतात. टिळकांच्या वाटेत नागपूरही आहे. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन सहप्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले आणि त्याने त्यांना नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. या सगळ्याची सुरुवात व्यासपीठावरून झाली नाही. समोरासमोर बसलेल्या दोन माणसांच्या गप्पांतून झाली. पुढे १९१७ मध्ये साताऱ्याला त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. टिळकांची भजने आपण गातो, पण ती ज्या बैठकीसाठी होती ती बैठक सोडून दिली आहे.

नागपूरला आणखी एक वारसा आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा चर्चसंस्था याच शहरात एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट चर्च ऐन वेळी त्या ऐक्याबाहेर राहिले. रविवारी आपण आजही वेगवेगळ्या दारांनी आत जातो. बेसातल्या एका घरी मात्र सीएनआयचे कुटुंब, मेथडिस्ट कुटुंब, एखादे कॅथलिक आणि एखादे पेंटेकॉस्टल घर एकाच सतरंजीवर बसू शकते. त्यातल्या प्रत्येकाची प्रार्थनेची रीत वेगळी आहे. एकाच वक्त्याने सगळा वेळ घेतला, तर त्या रीती एकमेकांना कळणारच नाहीत. प्रभुभोजनाचा प्रश्न इथे येतोच. ते ज्याच्या त्याच्या मंडळीत, नेमलेल्या सेवकाच्या हातून व्हावे. घरी सगळ्यांनी मिळून साधे जेवण करावे, असे माझे मत आहे.

आता चालवण्याविषयी. मेथडिस्टांच्या ‘क्लास’ची पद्धत १७४२ मध्ये ब्रिस्टलला सुरू झाली, तीही प्रार्थनागृहाचे कर्ज फेडायला आठवड्याला एक पेनी गोळा करण्यासाठी. साधारण बारा जणांमागे एक पुढारी. पैसे घ्यायला दारोदार गेलेल्या पुढाऱ्यांना लोकांची खरी अवस्था दिसली आणि त्यातून एकमेकांची विचारपूस करणारी सभा उभी राहिली. तो बाराचा आकडा मला आजही योग्य वाटतो. घरी वीस जण यायला लागले की आनंदाने दोन घरे करा.

रांगा मोडा आणि गोल बसा. उतारा लहान घ्या, दोनदा वाचा, आणि ‘समजले का?’ असे विचारू नका. ‘यातले काय मनात राहिले?’ असे विचारा आणि थांबा. पहिली शांतता फार लांब वाटते. ती पुढाऱ्याने भरायची नाही. वाचन सक्तीने फिरवू नका, कारण अक्षरओळख नसलेल्या आजींना ते अपमानाचे होते. त्यांना त्यांचे पाठ असलेले स्तोत्र म्हणायला सांगा. चहा आधी किंवा सभा संपल्यावर, पण ज्या घरी सभा आहे तिथल्या बाईला दीड तास बसू द्या. नाश्त्याची चढाओढ लागली की दोन खोल्यांत राहणारे कुटुंब आपल्या घरी सभा बोलवायलाच कचरते. म्हणून चहा-बिस्किटांपलीकडे जायचे नाही, असे सगळ्यांनी ठरवून टाकावे.

सगळ्यांना बोलू दिले की धोकेही येतात. प्रार्थनेसाठी सांगितलेली घरची गोष्ट दुसऱ्या दिवशी कॉलनीत फिरली, तर ते माणूस परत तोंड उघडणार नाही. आजाऱ्यासाठी मन लावून प्रार्थना करा. औषध बंद करायला सांगण्याचा अधिकार मात्र कोणालाही नाही. घरी दानार्पण गोळा करू नका. एखादे बंधू दरवेळी अर्धा तास घेत असतील, तर त्यांना चारचौघांत न बोलता घरी जाऊन सांगा. आणि शेजाऱ्यांपासून काही लपवू नका. स्पीकर नको, गाड्या कोणाच्या फाटकासमोर नकोत, आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना आधीच सांगून ठेवा की आम्ही इथे प्रार्थनेला जमतो. उघड्या दाराच्या सभेबद्दल संशय कमी राहतो.

पाळकांनाही एक विनंती आहे. या सभा मंडळीपासून माणसे तोडतील अशी भीती धरू नका. महिन्यातून एकदा जा, संदेश देऊ नका, गोलात बसा आणि ऐका. पुढच्या रविवारचा तुमचा संदेश त्यातून मिळेल.

या महिन्यात एक सभा वक्त्याविना घेऊन बघा. मार्काच्या शुभवर्तमानातला एखादा लहान प्रसंग निवडा, गीत सर्वांत लहान मुलाला निवडू द्या, आणि काय झाले ते आम्हाला लिहून पाठवा. सभा फसली तरी कळवा. तेही आम्ही छापू.