छोट्या भूमिकेचे मोल: ‘आनंद’मधील इसाभाई

हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘आनंद’ (१९७१) या चित्रपटात जॉनी वॉकर यांनी रंगवलेला नाटकवाला इसाभाई सुरतवाला मोजक्याच प्रसंगांत दिसतो. या भूमिकेवर जीव टाकणाऱ्या रसिकांविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात. चित्रपट सदोष असताना त्यातल्या एका तुकड्यावर लुब्ध होणे ही नटावरची अंधभक्ती होय, हा पहिला. इसाभाई हा रडक्या कथेला तोंडी लावण्यापुरता विनोद असून तो वगळला तरी काही बिघडत नाही, हा दुसरा.

पहिल्या आक्षेपातले दोषांचे कथन खरे आहे. आतड्याच्या कर्करोगाने ग्रासलेला नायक आनंद बराच काळ तजेलदार दिसतो. नायिका रेणूच्या पात्राला स्वतःचे असे आयुष्यच नाही. भेटेल तो माणूस सज्जन निघतो. परंतु पटकथेतले कच्चे दुवे नटाच्या खात्यावर मांडता येत नाहीत. शिवाय अंधभक्ताला दोष दिसतच नाहीत. येथे ते दिसत असूनही गुणाची पारख होते.

दुसरा आक्षेप कथेच्या बांधणीपुढे टिकत नाही. दिसेल त्या अनोळखी माणसाला ‘मुरारीलाल’ म्हणून हाक मारायची, ही आनंदची खोड. समोरचे लोक गोंधळतात, वैतागतात. इसाभाई मात्र तत्काळ आनंदलाच ‘जयचंद’ ठरवतो आणि खोट्या ओळखीचा खेळ पुढे रेटतो. इतरांना आनंद हसवतो. त्याच्या तोडीस तोड उतरतो तो हा नाटकवाला. त्याच्याच नाटकातला जन्ममरणाचा संवाद अखेरीस ध्वनिफितीवर आनंदच्या आवाजात, त्याच्या मृत्यूनंतर, ऐकू येतो. इसाभाई वगळला तर शेवटाचा पायाच निखळतो.

राहिला नटावरील प्रेमाचा प्रश्न. मुंबईत बस कंडक्टर असलेले बद्रुद्दीन काझी ‘बाजी’पासून (१९५१) जॉनी वॉकर म्हणून दोन दशके प्रेक्षकांना हसवत आले होते. तो चेहरा पडद्यावर येताच हसू फुटावे, ही सवय प्रेक्षक घरूनच घेऊन येतो. म्हणून आजारी आनंदसमोर इसाभाई उसने अवसान आणतो आणि त्याचे डोळे भरून येतात, तेव्हा धक्का दुप्पट बसतो. अनोळखी नटाला एवढ्या थोड्या वेळात हा परिणाम साधता आला नसता. आवडत्या नटाविषयीचा जिव्हाळा हे येथे दिग्दर्शकाने जाणीवपूर्वक वापरलेले भांडवल आहे. त्यामुळे ही आवड रसास्वादाच्या आड येत नाही, तो पूर्ण करते. चित्रपटाचे दोष तिच्यामुळे पुसले जात नाहीत. पण त्या दोषांपायी इसाभाईचे श्रेय नाकारणे हा समीक्षेतला अन्याय ठरतो.