समजून घ्या : ‘जीआय’ आहे, मग भाव का नाही?

फ्रान्सच्या ‘शातोनफ-द्यु-पाप’ वाईनला १९३६ मध्ये भौगोलिक दर्जा मिळाला. तिथे द्राक्षांचे वाण आणि हेक्टरी उत्पादनाची मर्यादा ठरलेली आहे, तोडणीही हातानेच होते. नियम मोडला तर बाटलीवर गावाचे नाव लावता येत नाही.

आपल्याकडे काय?
‘नाशिक व्हॅली वाईन’ला जीआय आहे. जालना मोसंबी, मराठवाडा केशर आंबा आणि वालूरकरांच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील वसमत हळदीलाही तो मिळाला आहे.

अडचण कुठे?
जीआय संस्थेच्या नावे असतो. शेतकऱ्याने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. नाहीतर माल साध्याच नावाने विकला जातो.

थोडक्यात, जीआयने नाव मिळते. भाव मिळतो तो नोंदणी आणि सांभाळलेल्या दर्जामुळे.