वस्तरा आणि ‘केवळ कारागिरी’

काही दिवसांपूर्वी कळंबला आमच्या पदवीच्या वर्गात एका विद्यार्थ्याने मोबाइलवर एक चित्रफीत दाखविली. परदेशातील एक हौशी गृहस्थ मागणीबरहुकूम वस्तरा घडवीत होता. उच्च कार्बनी पोलादाचे पाते लालबुंद तापवून त्याने तेलात बुडविले, मग मंद आचेवर त्याचा ठिसूळपणा उतरविला. पात्याच्या दोन्ही बाजू घासून त्यांना आत खोलवा दिला. गडद लाकडाच्या दोन पट्ट्या कोरल्या, त्यांना तेल पाजले, पितळी खिळ्यांनी त्यांची मूठ जुळविली आणि मिटलेल्या पात्याची धार मुठीला कोठेही शिवणार नाही एवढे अंतर दोन पट्ट्यांत राखले. ‘काय कला आहे!’ असा उद्गार वर्गातून निघाला. मीही त्यात सामील होतो.

घरी आल्यावर मात्र तो उद्गार खुपू लागला. हाच वस्तरा गावातल्या धोकटीत असताना त्याला ‘कला’ म्हटल्याचे मला एकदाही आठवेना. आठवल्या त्या शिव्या. फुकट वेळ घालविणाऱ्याला आपण ‘काय हजामती करीत होतास?’ असे विचारतो. एखाद्याची फजिती झाली की त्याची ‘बिनपाण्याने’ झाली म्हणतो. ‘हजामत’ हा शब्द ज्या अरबी शब्दावरून आला, त्याचा अर्थ तुंबडी लावून रक्त काढणे. म्हणजे मुळात हा शब्द वैद्यकाच्या शेजारचा. त्याची ही अवनती आपण भाषाशास्त्राच्या तासाला ‘अर्थापकर्ष’ म्हणून शिकवितो. ती कोणी केली, हे विचारीत नाही.

समीक्षेतही हेच चालते. एखादी कविता आवडली नाही की ‘ही केवळ कारागिरी आहे, कला नव्हे’ हे वाक्य ठरलेले. यातला ‘केवळ’ कोठून आला? ज्यांनी आयुष्यात एकही हत्यार घासले नाही, त्यांच्याकडून. वस्तऱ्याचे पाते दगडावर आडवे ठेवले की त्याची जाड पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांच्या प्रमाणावर धारेचा कोन ठरतो, आणि तो सुमारे 16 ते 17 अंशांचा असतो. म्हणजे घडविणाऱ्याने धारेचा निर्णय पाठीतच घेऊन ठेवलेला असतो. आशय आणि रूप यांच्या अद्वैतावर आपण पाने भरतो. त्याचे इतके स्वच्छ उदाहरण आपल्या पाठ्यपुस्तकांत मला सापडलेले नाही.

सेना न्हावी यांचा अभंग आपण शिकवितो. त्यांनी आपल्या धंद्याचा आरसा, चिमटा परमार्थाला जोडला. आपला प्रश्न ठरलेला: ‘रूपक स्पष्ट करा.’ विद्यार्थी विवेक आणि वैराग्य लिहून गुण मिळवितो, हत्यारे तेथेच पडून राहतात. जे रूपक ज्या हातांतून आले, ते हात ओलांडून केलेले हे स्पष्टीकरण अर्धेच नाही काय?

इतिहासातही नाभिक आपल्याला केव्हा दिसतो? 1659 साली प्रतापगडाखाली जिवा महालाच्या हाती शस्त्र येते तेव्हा; 1660 साली पन्हाळ्यावरून शिवा काशीद राजाच्या वेषात पालखीत बसतो तेव्हा. म्हणजे हातात वस्तरा नसताना. 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला. तो प्रसंग मला या सर्वांत मोठा वाटतो, कारण तेथे वस्तरा धरणाऱ्याने स्वतःच्या हत्याराचा नैतिक विचार केला. ज्या शास्त्र्यांनी तो करावयाचा, त्यांनी केला नव्हता. मराठी समीक्षेने लेखकाच्या बांधिलकीवर कितीतरी वाद घातले. त्यांत हा नकार क्वचितच उदाहरण म्हणून येतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. हा धंदा जन्माने गळ्यात पडला, बलुत्याच्या धान्यावर राबवून घेतला गेला. त्याचे सौंदर्य गाणे म्हणजे बेडीला नक्षी काढणे. मान्य. ज्यांनी तो सोडला त्यांनी योग्यच केले. राम नगरकरांनी ‘रामनगरी’त या आयुष्यावर आपल्याला हसविले, त्या हसण्याखाली काय आहे हे न ऐकता आपण पुस्तक ‘विनोदी’ या कप्प्यात टाकले, हा भाग वेगळा. धंद्याचा गौरव मी मागतच नाही. हौशी माणसाच्या हातात जी ‘कला’, तीच पोट भरणाऱ्याच्या हातात ‘हजामत’ कशी होते, एवढेच विचारतो. आणि ही मोजपट्टी आपण कवितेला लावतो, तेव्हा आपण नेमके काय मोजत असतो?

आता तर सलूनमध्ये अखंड पात्याचा वस्तरा दिसणेही कठीण. एचआयव्हीच्या भीतीने, आणि ती योग्यच होती, दर गिऱ्हाइकाला नवे ब्लेड घालण्याचा वस्तरा आला. पट्ट्यावर धार लावण्याचा तो सावकाश, एका लयीतला आवाज माझ्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांनी ऐकलेला नाही. ज्या पिढीला ते कसब अवगत होते, तिला आपण कलावंत म्हटले नाही; आता तेच कसब काचेच्या कपाटात शोभेला आले आणि आपण टाळ्या वाजवितो.

चित्रफीत दाखविणाऱ्या त्या मुलाच्या आजोबांची धोकटी अजून घरात आहे, असे त्याने नंतर सांगितले. मी ती वर्गात आणावयास सांगितली. सेना महाराजांचा अभंग त्या दिवशी शिकवावयाचा आहे. एका सहकाऱ्याने विचारले, ‘हे अभ्यासक्रमात कोठे बसते?’ मी अभ्यासक्रम काढून दाखविला. त्यात अभंगाचे नाव छापलेले होते.