गुडघ्याची वाटी झिजली म्हणे!

मंडळी, आमच्या वऱ्हाडात साठी उलटली की एक वाक्य हमखास कानी पडतं : "गुडघ्याची वाटी झिजली, वंगण संपलं." तेवढं म्हटलं की माणूस खाटेवर बसतो. अकोल्याच्या माझ्या धाकट्या बहिणीनं तर देवळापर्यंत जाणंही सोडलं. मला हे पटत नाही.

वाटी म्हणजे हाड. झिजते ती हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा. हाड जिवंत असतं. कोलॅजनच्या धाग्यांत कॅल्शियम-फॉस्फेटचे क्षार बसून ते घडतं, त्यात रक्त खेळतं, म्हणून मोडलं तरी सांधतं. कूर्चेत रक्तवाहिन्याच नसतात. त्यामुळे तिची झीज सहसा भरून येत नाही, हे खरं. पण तिचं पोषण होतं सांध्यातल्या द्रवातून, आणि तेही हालचालीनं. पाय टेकला की ती दबते, उचलला की स्पंजासारखी द्रव शोषते. मग चालणं सोडून आपण तिला उपाशीच नाही का ठेवत? शिवाय बसून मांडीचे स्नायू दुबळे होतात, आणि गुडघ्याचा त्रास वाढतो तो वेगळाच.

अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं. तिथले खेळाडू १९३६ साली बर्लिनला देशी खेळ दाखवून आले. अशा गावात म्हाताऱ्यांच्या व्यायामाची थट्टा का व्हावी?

गुडघा सुजला, गरम लागला तर डॉक्टरांकडे जावंच. एरवी सपाट रस्त्यानं, झेपेल तेवढं, पण रोज चालावं. तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा.