सिंड्रेला कॉलेजात गेली, पण तिची फी कोणी भरली?

मागच्या रविवारी आमच्या अभ्यासिकेत एका मुलीने मोबाईल माझ्यापुढे धरला. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आई चार घरची धुणीभांडी करते. स्क्रीनवर डिस्नेच्या राजकुमारी होत्या. अंगात झगा नाही, डोक्यावर मुकुट नाही. जीन्स, पाठीला सॅक, हातात कॉफीचा कप. स्नो व्हाईट, सिंड्रेला, एरियल, बेल, सगळ्या अमेरिकेतल्या कुठल्याशा कॉलेजच्या हिरवळीवर. हसत म्हणाली, "ताई, यातली मी कोण?"

तिने गमतीत विचारले. मला हसू आले नाही. त्याच आठवड्यात तिला कॉलेजच्या खिडकीवर सांगितले होते, शिष्यवृत्ती जमा नाही, आधी फी भर, मग परीक्षेचा फॉर्म.

अशी चित्रे हजारोंनी फिरतात. त्यांत एक चांगली गोष्ट आहे, हे आधीच मान्य करते. राजपुत्राची वाट बघत झोपून राहिलेली मुलगी पुस्तक हातात घेते, हे पाऊल पुढचेच आहे. पण मित्रमैत्रिणींनो, कपडे बदलले म्हणून गोष्ट बदलते का?

सिंड्रेलाच घ्या. शार्ल पेरोने १६९७ मध्ये छापलेल्या कथेत ती मोलकरीण नाही, घरंदाज माणसाची मुलगी आहे. सावत्र आईमुळे ती चुलीपुढच्या राखेत बसली. कोणत्याही मुलीला राख उपसावी लागते याचा या गोष्टीला राग नाही. 'हिला' उपसावी लागते याचा राग आहे. शेवटी ती महालात जाते तेव्हा तिथली राख कोण उपसते, हे कोणी विचारत नाही. काम नीच नाही, ते चुकीच्या जन्माच्या माणसाकडे गेले एवढाच अन्याय! हा विचार आपल्याला नवा आहे का? वर्णव्यवस्था दुसरे काय सांगते?

हान्स अँडरसनची १८३५ ची राजकुमारी बघा. वीस गाद्या आणि वर वीस पिसांच्या दुलया, सगळ्यांत खाली एक वाटाणा. तो ज्या मुलीला रात्रभर टोचला ती खरी राजकुमारी. म्हणजे जी आयुष्यात कधी जमिनीवर झोपली नाही ती पास! आणि या परीक्षेला गोष्ट रक्ताचा गुण म्हणते. आज लाखो रुपयांच्या क्लासच्या गादीवर झोपून आलेली मुले आपल्या पोरींना 'मेरिट' शिकवतात, तेव्हा मला हा वाटाणाच आठवतो.

आता त्या हिरवळीकडे या. डिस्नेचा 'सिंड्रेला' १९५० मध्ये आला. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला टेक्सास विद्यापीठाला बजावावे लागले की हेमन स्वेट या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला कायद्याच्या वर्गात प्रवेश द्या. १९५६ मध्ये ऑथरीन लूसी ही कृष्णवर्णीय तरुणी अलाबामा विद्यापीठात शिकायला गेली. गोऱ्यांचा जमाव तिच्यावर चालून आला. विद्यापीठाने तिच्याच सुरक्षिततेचे कारण सांगून तिलाच निलंबित केले आणि पुढे काढून टाकले. त्याच विद्यापीठाची एम.ए. तिने १९९२ मध्ये मिळवली. डिस्नेची पहिली कृष्णवर्णीय राजकुमारी टियाना पडद्यावर यायला २००९ उजाडले. तिची गोष्ट १९२० च्या दशकातल्या न्यू ऑर्लिन्सची. त्या शहरातल्या टुलेन विद्यापीठाचे दार कृष्णवर्णीयांना १९६३ मध्ये उघडले. चित्रात मात्र टियाना सॅक अडकवून सहज आत जाते. दाराशी कोण लढले, याचा मागमूस नाही.

काही जण म्हणतील, पोरींच्या करमणुकीत जात आणि वंश कशाला आणता? आम्ही आणत नाही, तो तिथे आधीपासून बसलेला आहे. आम्ही फक्त बोट दाखवतो.

आपल्याकडेही एक राजा आणि एक विद्यार्थी होता. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. ते उपकार आपण विसरत नाही. पण १९१७ मध्ये ते त्याच बडोद्यात नोकरीला आले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही, पारशी सराईतूनही हाकलले गेले. राजाची मदत एका माणसापर्यंत पोचली, समाज होता तिथेच राहिला. म्हणून बाबासाहेबांनी दुसऱ्या राजाची वाट पाहिली नाही. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज आणि १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज, जे आज मिलिंद म्हणून आपण ओळखतो. सिंड्रेलाचा काचेचा बूट पडद्यावर आला तेच हे वर्ष! तो बूट एकाच पायात बसायचा. मराठवाड्यातल्या या वर्गात अनवाणी पायांनाही जागा होती. मेहरबानी आणि हक्क यांत फरक असतो तो हा.

त्यामुळे राजकुमारींच्या रांगेत आपल्या रंगाची एक मुलगी काढा, ही मागणी माझी नाही. एकीची निवड करून बाकीच्यांना टाळ्या वाजवायला लावणारी गोष्टच मला नको आहे.

मी त्या मुलीला म्हटले, "यातली तू कोणीच नाहीस, आणि ते बरंच आहे. तू मुक्ता साळवेच्या घरातली." तिला ते नाव माहीत नव्हते. सावित्रीबाई-जोतिरावांच्या शाळेतली मातंग समाजाची ही विद्यार्थिनी. १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये तिचा निबंध छापून आला. महार-मांगांच्या दुःखाचा जाब तिने थेट धर्मालाच विचारला. कोणी राजपुत्र तिला शोधत आला नाही, तिने स्वतः लेखणी उचलली.

सोमवारी आम्ही चौघीजणी त्या खिडकीवर गेलो. अर्ज लेखी दिला आणि म्हटले, नकार द्यायचा तर तोही लेखी द्या. तासाभराने फॉर्म घेतला गेला. पण त्या खिडकीबाहेर अजून कितीतरी जणी उभ्या होत्या, आणि त्यांच्यासोबत कोणी नव्हते.

तुमच्या कॉलेजातही ती खिडकी आहे. उद्या तिथे जा. एकटीने नको, चौघींनी जा.

जय भीम!