त्वचेवरचे चट्टे आणि रक्तातील साक्ष

सोरायसिस झालेल्या व्यक्तीला त्वचेवरील लाल चट्टे आणि चंदेरी पापुद्रे यांपेक्षा लोकांच्या नजराच अधिक बोचतात. पंगतीत शेजारी बसणारा अंग चोरून घेतो. मुलीचे लग्न ठरायचे असेल तर घरातील मंडळी तिला भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचे कपडे घालावयास सांगतात. वस्तुतः हा रोग स्पर्शाने पसरत नाही. कुष्ठरोगाशी त्याचा संबंध नाही, हे व्हिएन्नाचे त्वचारोगतज्ज्ञ फर्डिनांड हेब्रा यांनी १८४१ मध्येच स्पष्ट केले होते.

मग हा रोग आहे तरी काय? निरोगी त्वचेत तळाशी जन्मलेली पेशी पृष्ठभागावर येण्यास सुमारे महिना लागतो. सोरायसिसमध्ये हाच प्रवास अवघ्या काही दिवसांत उरकतो आणि अपक्व पेशींचे थर साचतात. या घाईमागे असते शरीराची बिघडलेली प्रतिकारयंत्रणा. रक्षणासाठी असलेल्या पांढऱ्या पेशी विनाकारण उत्तेजित होतात आणि ऑक्सिजनचे अतिक्रियाशील कण, म्हणजेच ‘मुक्त कण’, मोठ्या प्रमाणात निर्माण करतात. त्यांना आवर घालणारी शरीराची स्वाभाविक शक्ती अपुरी पडली की जी स्थिती उद्भवते, तिला ‘ऑक्सिडेटिव्ह ताण’ म्हणतात.

या ताणाच्या खुणा रक्तात उमटतात. मुक्त कणांनी पेशींतील स्निग्ध पदार्थांची हानी केली की मॅलॉनडायअल्डिहाइड नावाचे द्रव्य उरते. अनेक अभ्यासांत सोरायसिसच्या रुग्णांच्या रक्तात ते वाढलेले आढळले आहे. दाह दर्शविणारे सी-रिॲक्टिव्ह प्रथिनही अनेकांत वाढते. म्हणजे दाह केवळ कोपरा-गुडघ्यांवर थांबत नाही; तो रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचतो. ब्रिटनमधील रुग्णनोंदींवर आधारलेल्या २००६ सालच्या एका अभ्यासात, तीव्र सोरायसिस असलेल्या तरुण रुग्णांना हृदयविकाराच्या झटक्याचा धोका त्यांच्या वयाच्या इतरांपेक्षा बराच अधिक असल्याचे दिसून आले.

वाचकहो, याचा अर्थ मॅलॉनडायअल्डिहाइडची तपासणी करून घ्यावी असा मुळीच नाही. ती संशोधनाच्या उपयोगाची. रोगनिदान त्वचा पाहूनच होते, क्वचित त्वचेचा लहानसा तुकडा तपासावा लागतो. रुग्णाने ठरावीक काळाने मोजून घ्यावयाच्या गोष्टी साध्याच आहेत: रक्तदाब, रक्तातील साखर, कोलेस्टेरॉल, वजन आणि कमरेचा घेर. सकाळी बोटांचे सांधे आखडत असतील तर तेही डॉक्टरांना अवश्य सांगावे, कारण हा रोग सांध्यांतही उतरतो. मेथोट्रेक्सेट चालू असल्यास रक्तपेशी व यकृत यांची तपासणी टाळू नये. सोरायसिससाठी हे औषध आठवड्यातून एकाच ठरलेल्या दिवशी घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतल्यास ते प्राणघातक ठरू शकते. म्हणून घरातील एका जाणत्या व्यक्तीने तो वार लिहून ठेवावा.

‘अँटिऑक्सिडंट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या गोळ्यांनी सोरायसिस बरा होतो, याला भक्कम पुरावा नाही. तंबाखू व मद्य सोडणे, वजन आटोक्यात ठेवणे आणि चालू औषध मनानेच न थांबविणे, यांचा उपयोग निश्चित अधिक. पोटातून घेतली जाणारी स्टेरॉइडे एकाएकी बंद केल्यास रोग उग्र रूपाने उसळू शकतो.

आणि पंगतीतील ती रिकामी जागा? ती भरून काढण्यास कोणत्याही औषधाची गरज नाही. शेजारी जाऊन बसावे, एवढेच.